आजी फास्ट, लोकल फास्ट, मग आजी पळत का नाही?

अर्धी_खिडकी
आषाढीला सासूबाई आणि लेक, दोघांना घेऊन वडाळ्याच्या विठ्ठलाला निघाले होते. डोंबिवलीहून दादरपर्यंत फास्ट, लेडीज डबा, नेहमीची गर्दी. सासूबाईंचा निर्जळी उपास. लेकाच्या (वय आठ, तिसरी, इंग्रजी माध्यम) हातात वेफर्सचा पुडा. मुलुंड गेल्यावर त्याने अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मम्मा, आज आजी फास्ट आहे आणि ट्रेन पण फास्ट आहे. मग आजी पळत का नाही?"

याला मागचा इतिहास आहे. शाळेत आजीवर पाच ओळी लिहायच्या होत्या. त्याने लिहिलं, 'माय ग्रँडमदर इज फास्ट ऑन एकादशी'. बाईंनी लाल पेनाने 'फास्टिंग' केलं. कारण सांगितलं नाही. त्यामुळे आमच्या घरी गेला महिनाभर हा खटला चालू आहे.

मी ठोकून दिलं की ते दोन वेगळे शब्द आहेत, फक्त सारखे दिसतात, जसं आपलं 'कर'. हाताला कर, सरकारला कर आणि गृहपाठ कर. पोरगं गप्प बसलं. रात्री डिक्शनरी उघडली तर मीच खोटी पडले. उपासाचा फास्ट आणि लोकलचा फास्ट एकाच मुळातून आलेत, आणि त्या मुळाचा अर्थ वेगही नाही आणि भूकही नाही. मूळ अर्थ घट्ट, पक्कं, जागचं न हलणारं! 'फासन युवर सीटबेल्ट' मधला फासन (लिहिताना त्यात एक टी असतो, बोलताना गिळतात) याच घरचा.

आता मला सांगा, जे जागचं हलत नाही ते भरधाव कसं झालं? आणि त्यात उपाशी कोण राहिलं?

चौथी_सीट
ताई, कल्याणच्या पुढे राहायला या, सगळा उलगडा होईल. आमच्याकडे फास्ट म्हणजे कल्याण सुटल्यावर प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, सगळ्यांना रामराम करत बदलापूरला जाते आणि इंडिकेटरवर मात्र शेवटपर्यंत फास्टच. उलटे अर्थ एकत्र नांदवायची आम्हाला सवय आहे.

पावशेर
+१. आणि रेल्वे स्वतः 'जलद' आणि 'धिमी' म्हणते. अनाउन्समेंट सोडून हे दोन शब्द कुणाच्या तोंडून ऐकलेत का? 'दादा, ही जलद आहे का?' असं विचारलं तर लोक आधी चेहऱ्याकडे बघतील.

व्याकरणपंत
धागा चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या इंग्रजीत फास्ट हे विशेषण म्हणजे पक्का, मजबूत, घट्ट बसलेला. त्याचंच क्रियाविशेषण 'घट्टपणे, नेटाने' या अर्थी वापरात होतं. दोर फास्ट बांधा, दार फास्ट लावा. आता हेच क्रियाविशेषण लढणे, ओरडणे, पळणे अशा क्रियापदांशेजारी ठेवून बघा. नेटाने लढला. नेटाने पळाला. नेट लावून पळणारा माणूस साहजिकच वेगात पळतो. ऐकणाऱ्याला हळूहळू नेटाऐवजी वेगच ऐकू यायला लागला. साधारण तेराव्या शतकापासून हे क्रियाविशेषण वेगाच्या अर्थाने दिसतं. 'फास्ट घोडा' असं वेगाचं विशेषण त्यानंतर बऱ्याच काळाने, सोळाव्या शतकात आलं. म्हणजे आधी पळणं फास्ट झालं, मग पळणारा.

हे परकं वाटत असेल तर आपला 'जोर' घ्या. फारसीतून आलेला शब्द, अर्थ बळ. पण आपण 'जोरात' कसं वापरतो? "दांडा जोरात धर." "जोरात पळ, गाडी सुटली." "जोरात बोल, ऐकू येत नाही." पहिल्या वाक्यात घट्ट, दुसऱ्यात वेगाने, तिसऱ्यात मोठ्याने. एकाच प्लॅटफॉर्मवर, एकाच मिनिटात, एकच बाई ही तिन्ही वाक्यं बोलेल आणि तिला काहीही विचित्र वाटणार नाही. इंग्रजांनी 'फास्ट'चं याहून वेगळं काही केलेलं नाही.

मूळ अर्थ मेलेला नाही हेही लक्षात घ्या. फास्ट अस्लीप म्हणजे भराभर झोपलेला नव्हे, गाढ झोपलेला. फास्ट फ्रेंड म्हणजे जिवाभावाचा. स्टेडफास्ट म्हणजे ठाम. एक मौजेची गोष्ट: 'शेमफेस्ड' हा शब्द मुळात 'शेमफास्ट' होता, लाजेने जखडलेला, म्हणजे लाजाळू. लोकांना त्यातला फास्ट कळेनासा झाला आणि शरम तर चेहऱ्यावरच दिसते, म्हणून त्यांनी फास्ट काढून फेस बसवला.

चौथी_सीट
पंत, लेडीज डब्यात कोण काय बोलतं हे आपल्याला कसं माहीत? (हलके घ्या.)

रंगखाते
पंतांचा 'जोर' आवडला. मूळ अर्थ मेलेला नाही याला माझी साक्ष घ्या, कारण आमचं घर त्या मूळ अर्थावर चाललं.

वडील लालबागच्या एका गिरणीत रंगाऱ्याच्या हाताखाली होते. त्यांच्या तोंडी 'फास्ट' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा यायचा आणि त्यात वेगाचा लवलेशही नसायचा. फास्ट म्हणजे धुतल्यावर न जाणारा रंग. घरी नवीन कापड आलं की आई ते बघायच्या आधी वडील पांढरा रुमाल ओला करून त्यावर घासायचे. रुमालाला डाग लागला की कापड परत. दुकानदार वैतागायचा. "अहो, फास्ट कलर आहे!" वडील रुमाल दाखवायचे, "हो, फारच फास्ट निघाला."

पुढे मी माटुंग्याला यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान खात्यात शिकलो (१९३३ साली ते खातं सुरू झालं तेव्हा कापडाचं रसायनशास्त्र हा त्याच्या मुख्य विषयांपैकी एक होता), तिथे वडिलांच्या रुमालालाच शास्त्र म्हणतात हे कळलं. रंगवलेल्या कापडाबरोबर पांढरं कापड धुवायचं किंवा घासायचं, पांढऱ्यावर किती डाग उतरला ते करड्या पट्टीशी ताडून बघायचं, एक ते पाच गुण द्यायचे. पाच म्हणजे डागच नाही. उन्हाला रंग किती टिकतो त्याची पट्टी वेगळी, निळ्या लोकरीच्या तुकड्यांची, एक ते आठ. एकच रंग धुण्याला फास्ट आणि उन्हाला कच्चा असू शकतो. खिडकीचे पडदे का विटतात आणि त्याच रंगाची उशी का टिकते, त्याचं हे कारण.

मराठीत आपण 'पक्का रंग' म्हणतो. हिंदमाताला साड्या घेताना अजून विचारतात, "पक्का आहे ना? जाणार नाही ना?" इंग्रजीत बघा: फास्ट कलर म्हणजे कुठेही न जाणारा आणि फास्ट ट्रेन म्हणजे... असो, मध्य रेल्वेत दोन्ही अर्थ लागू.

स्लाइड_बघणारी
हा 'पक्का रंग' आमच्या लॅबमध्येही आहे! थुंकीच्या तपासणीत लिहितात ना 'ए. एफ. बी.', त्यातला एफ म्हणजे फास्ट. अ‍ॅसिड फास्ट बॅसिलाय, म्हणजे टीबीचे जंतू. ते काही अ‍ॅसिडमध्ये जोरात पोहत नाहीत. त्यांच्या भिंतीत मेणासारखा थर असतो, त्यामुळे रंग सहजी आत शिरत नाही. आम्ही लाल रंग ओतून खालून गरम करतो, तेव्हा शिरतो. आणि एकदा शिरला की अ‍ॅसिडने धुतला तरी सुटत नाही. बाकी सगळ्याचा लाल धुऊन निघतो, मग वर निळा रंग दिला की निळ्या मैदानात लाल काड्या दिसतात. कॉखने १८८२ साली टीबीचा जंतू जाहीर केला, त्याच वर्षी एर्लिखने ही रंगाची खोड पकडली. पुढे त्सील आणि नीलसन यांनी पद्धत सुधारली, म्हणून तिला त्यांचं नाव. वर रंगखाते म्हणाले तोच रुमाल, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली.

आता किस्सा. कुठल्या दवाखान्यातला ते सांगत नाही. एका आजोबांच्या हातात दोन कागद होते. एकावर फास्टिंग शुगर, दुसऱ्यावर अ‍ॅसिड फास्ट. त्यांच्या इंग्रजी शिकलेल्या नातवाने दोन्हीचा अर्थ एकच लावला. आजोबांनी साखरेसाठी एक रात्र उपास केला आणि थुंकीसाठी दुसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी थरथरत आले. मी चहा-बिस्कीट दिलं तर घाबरले, "रिपोर्ट बिघडेल ना?" त्या नातवाला हसायचा मला अधिकार नाही, कारण मी स्वतः कॉलेजात अ‍ॅसिड फास्टचा अर्थ 'अ‍ॅसिडमध्ये लवकर मरणारे' असा धरून चालले होते, आणि तो बरोब्बर उलटा आहे.

अर्धी_खिडकी
अहाहा. आजोबांचं वाईट वाटलं, पण नातवाची बाजू आमच्या घरी कळते.

पंत, वेगाचं पटलं. उपासाचं राहिलं.

व्याकरणपंत
उपासाच्या फास्टमध्येही मुळात भूक नाहीच. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबल गॉथिक भाषेत नेलं. गॉथिक ही इंग्रजीची दूरची, आता मेलेली मावशी. तिच्यात 'फास्तान' या क्रियापदाचा अर्थ राखणे, पाळणे, आणि त्याच शब्दाचा अर्थ उपास करणेही. म्हणजे नेम घट्ट पाळणे. काय पाळायचं ते धर्माने ठरवलं, शब्दाने नाही.

आणि आपल्या 'उपवास'मध्ये तरी भूक कुठे आहे? उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे. पोटाचा उल्लेखही नाही. साबुदाण्याला आक्षेप घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी. फारसी 'रोजा'तही नाही, तिथे रोज म्हणजे दिवस. तीन भाषांत तीन शब्द आणि एकालाही भूक लागलेली नाही.

पावशेर
एकादशी अन् दुप्पट खाशी हे शब्दव्युत्पत्तीने सिद्ध झालं तर!

देवनागरी_प्रेमी
मुळात फास्ट हा संस्कृतच आहे. वेदात 'पस्त्य' आहे. इंग्रजांनी प चा फ केला. आपल्याकडून सगळं गेलं आणि आपण त्यांच्याकडून शिकतोय.

व्याकरणपंत
पस्त्य आहे, खरं आहे. अर्थ घर, वस्तीची जागा. काही व्युत्पत्तिकार फास्टच्या आदिम मुळाशी त्याचं नातं लावतात, आर्मेनियनमधल्या 'पक्का' अर्थाच्या 'हास्त'लाही त्याच माळेत ओवतात. पण हे नातं चुलतभावाचं. 'प'चा 'फ' तर पितर आणि फादर यांच्यातही दिसतो, म्हणून काही फादर पितरांचा मुलगा होत नाही. आणि खरं सांगायचं तर पक्कं आणि घर यांना जोडणारा तो धागा मला जरा बारीकच वाटतो.

जहाजी_काका
घरी बसून वाचत होतो, राहवलं नाही. तीस वर्षं समुद्रावर काढली. जहाज धक्क्याला लागताना पुढून आणि मागून दोर जातात, खाली धक्क्यावरच्या खुंटांना अडकवतात, वर आम्ही ते ताणून बांधतो. हुकूम असतो 'मेक फास्ट'. शेवटचा दोर बांधून झाला की कप्तानाला कळवायचं, 'ऑल फास्ट'. ती वेळ नोंदवहीत लिहितात. इंदिरा डॉकला कितीदा लिहिली असेल!

नवखा असताना पहिल्यांदा 'मेक फास्ट' ऐकलं आणि मी घाईघाईने जो काही दोर गुंडाळला, तो बोसनने (खलाशांच्या मुकादमाने) एका हाताने सोडवून दाखवला. त्यानंतर जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. एवढं कळलं की फास्ट करायला वेळ लागतो.

'हार्ड अँड फास्ट रूल' म्हणतात ना, ते हार्ड अँड फास्टसुद्धा जहाजांच्या बोलीत आहे. जहाज वाळूवर चढून रुतलं, पुढे नाही की मागे नाही, की ते हार्ड अँड फास्ट. मराठीत तोच शब्द मी रोज दुपारी चार ते सहा सायनच्या ट्रॅफिकला वापरतो.

काळा_घोडा
मी मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकतेय आणि मला हा धागा आठ महिन्यांपूर्वी हवा होता. जर्मनमध्ये 'फास्ट' म्हणजे 'जवळजवळ'! शब्द तोच, मूळ तेच. घट्ट, मग अगदी लगटून, मग जवळजवळ, असा तिकडे घसरला. आमच्या बाई मला वर्गात म्हणाल्या, 'फास्ट रिष्टिष'. मला वाटलं मी झटकन बरोबर उत्तर दिलं म्हणून कौतुक चाललंय. अर्थ होता, जवळजवळ बरोबर. म्हणजे चूक. घट्टसाठी त्यांच्याकडे 'फेस्ट' आहे आणि उपास करणे म्हणजे 'फास्टेन'. वेग मात्र त्यांनी या घरात घेतलाच नाही.

चौथी_सीट
मग बदलापूर फास्ट जर्मनच असणार. जवळजवळ बदलापूरला जाते.

पोटदुखी_तज्ज्ञ
डॉक्टर आहे, उशिरा आले, माफ करा. ब्रेकफास्टबद्दल कुणीच बोललं नाही? तो तर उघड आहे, रात्रीचा उपास मोडणे. पण खरी गंमत डिनरमध्ये आहे. लॅटिनमध्ये 'जेजुनुस' म्हणजे उपाशी. त्याला 'दिस' लावून 'उपास मोडणे' असं क्रियापद झालं. फ्रेंचमध्ये त्याच एका क्रियापदाची दोन रूपं झाली, एक देज्युने आणि एक दिने. त्या दिनेचं इंग्रजीत डिनर. म्हणजे व्युत्पत्तीने डिनर हाही ब्रेकफास्टच! दिवसाचं मुख्य जेवण जसजसं उशिरा होत गेलं तसतसा शब्द दुपारकडे आणि तिथून रात्रीकडे सरकला.

आणि जेजुनुस तुमच्या सगळ्यांच्या पोटात आहे. लहान आतड्याच्या मधल्या भागाला जेजुनम म्हणतात, कारण जुन्या शरीरशास्त्रज्ञांना शव उघडल्यावर तो भाग रिकामा सापडायचा. कितीही जेवा, तुमच्या आतड्याचा एक तुकडा नावाने कायमचा उपाशी.

पावशेर
अवांतर: घड्याळ 'पाच मिनिटं फास्ट' हा कुठला फास्ट? आमचे आजोबा म्हणायचे घड्याळ 'पुढे' आहे. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे होती. मुंबईकरांनी तिला इतका विरोध केला की शहरात जुनी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत तग धरून होती. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं अर्धं शहर उरलेल्या अर्ध्याला 'तुमचं घड्याळ फास्ट आहे' म्हणत होतं.

व्याकरणपंत
तो वेगाचाच. घड्याळ जास्त वेगाने चाललं म्हणून पुढे गेलं. पण तुमच्या वाक्यातला 'तग धरून' बघा, तो खरा जुना फास्ट.

उलट अर्थ पोटात घेऊन फिरणारे शब्द आपल्याकडेही आहेत, हे आईसाहेबांनी लेकाला सांगावं. 'परवा' हा आधीचा की नंतरचा? 'वाढणे' म्हणजे मोठं होणं, पण नारळ वाढवतात तेव्हा तो फुटतो, आणि बांगडी वाढली म्हणजे पिचली. अर्थात तिथे कारण वेगळं आहे. अशुभ बोलायचं नाही म्हणून मुद्दाम उलटा शब्द घेतला. 'फास्ट'मध्ये असं कुणी मुद्दाम काही केलेलं नाही.

अर्धी_खिडकी
आज दुपारी हा सगळा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. चष्मा पुसत ऐकत होत्या. गॉथिकवर डुलकी लागली, बोसनला हसल्या. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "एवढं कशाला? मी एकादशी धरते ना. धरते आणि दुसऱ्या दिवशी सोडते. धरायचं ते घट्टच धरायचं."

मी गप्पच झाले. आपण उपास 'धरतो' आणि उपास 'सोडतो'! आणि मग डोक्यात धरणं थांबेचना. कापडाने रंग धरला. पावसाने जोर धरला. गाडीने वेग धरला. पंत, हा आपला फास्ट आहे की नाही?

रंगखाते
वडील अगदी हेच म्हणायचे! सुताने रंग 'धरला' किंवा 'नाही धरला'. आजींना साष्टांग दंडवत.

स्लाइड_बघणारी
आणि जंतूने लाल रंग धरला, सोडला नाही. उद्यापासून विद्यार्थ्यांना असंच शिकवणार.

व्याकरणपंत
उपास आणि रंग, दोन्ही ठिकाणी सासूबाईंना शंभर गुण. वेगाच्या बाबतीत एक बारीक हरकत नोंदवतो. 'वेग धरला' यात वेग हा शब्द आपण वेगळा बोलतो, धरणे एकटं वेग सांगत नाही. 'गाडीने धरलं' म्हटलं तर लोक हँडलमध्ये ओढणी अडकली असं समजतील. त्यामुळे उपमा म्हणून उत्तम, व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून नाही. वेगासाठी माझा 'जोरात'च राहू द्या.

जाता जाता: धरणे-सोडणे या जोडीला इंग्रजीत 'फास्ट अँड लूज' आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या जत्रांत या नावाचा फसवाफसवीचा खेळ चालायचा. पट्ट्याची घडी घालून गुंडाळी करायची आणि गिऱ्हाइकाला तिच्या मधोमध काडी खुपसायला सांगायचं. काडीभोवती पट्टा अडकला तर गिऱ्हाईक जिंकलं. खेळवणारा दोन टोकं अशी ओढायचा की पट्टा दरवेळी सुटायचाच. म्हणून बेभरवशाच्या माणसाला अजून तसं म्हणतात.

जहाजी_काका
हा खेळ मी एका बंदरात हरलोय. रक्कम सांगत नाही, बायको हा धागा वाचते.

अर्धी_खिडकी
पंत, हरकत मान्य. पण तुमचा जोर तिसरीतल्या मुलाला सांगण्याआधी मी सासूबाईंचंच सांगून टाकलं: आजीने एकादशी धरली, गाडीने वेग धरला, तू दांडा धर. त्याला पूर्ण पटलं. दोन मिनिटं शांतता होती. मग विचारतो, "मग फास्ट फूडमध्ये कोण काय धरतं?"

चौथी_सीट
पोट. दुसऱ्या दिवशी.